तिबेटी कॅम्पातल्या पोरांना खासदारासमोर बोलायला कसं शिकवू?

गोठणगावचा झेरॉक्सवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबट आहे, सांभाळून घ्या. रोवणी सुरू आहे, सगळं गाव बांधीत, दुकानाकडे काळं कुत्रं फिरकत नाही, म्हणून एवढं टाइप करत बसलोय.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, इटियाडोह धरणाच्या बाजूचा. धंदा झेरॉक्स, सातबारा, पीकविमा, ऑनलाइन फॉर्म आणि अर्ज लिहून देणे. चौदा वर्षं झाली. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ हे मी झोपेत टाइप करू शकतो. घरकुलापासून ते रानडुकरांनी लोळवलेल्या धानाच्या भरपाईपर्यंत, आजूबाजूच्या सात-आठ गावांची निवेदनं माझ्याच कॉम्प्युटरमधून निघतात.

आमच्या गावाजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. पाटीवर काहीही असो, आम्ही सगळे कॅम्पच म्हणतो. १९७२ साली वसली. तेव्हा गोंदिया जिल्हा व्हायचा होता, सगळा मुलूख भंडाऱ्याचा. थंडीच्या मुलखातली माणसं इथल्या उन्हात येऊन धान लावायला शिकली. हिवाळ्यात स्वेटर विकायला शहराकडे जातात, मग परत येतात. त्यातला एक माझा शाळेपासूनचा दोस्त. तो तिबेटीपेक्षा झाडीबोली बरी बोलतो, अशी त्याच्या आईचीच तक्रार आहे.

तर हा दोस्त परवा दुकानात आला. त्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ येऊन गेला होता. तो म्हणे सांगत होता की तिकडे तिबेटी लोक वर्षातून एकदा वॉशिंग्टनला जाऊन तिथल्या खासदारांना भेटतात, आणि त्याआधी त्यांची चक्क शिकवणी होते. कोणी काय बोलायचं, किती बोलायचं, काय मागायचं. दोस्त म्हणाला, “आपल्या पोरायची पण अशी शिकवणी घे. तू लोकायले कलेक्टरपर्यंत पोचवतं, आमच्या पोरायले दिल्लीपर्यंत पोचव.”

मी हो म्हणून बसलो. पण माझ्याच्यानं होईल का, ही शंका आहे, कारण यात मी एकदा तोंडावर पडलेलो आहे.

मागे कॅम्पातले चौदा जण एका लोकप्रतिनिधींना भेटायला गेले होते. कोण, ते सोडा. निवेदन मी लिहिलं होतं. नऊ पानं, सतरा मागण्या. पहिल्या पानावर चीनचं सैन्य तिबेटात शिरलं त्या १९५० पासूनचा इतिहास, दुसऱ्यावर १० मार्च १९५९ चा ल्हासाचा उठाव, मग १९९५ मध्ये वयाच्या सहाव्या वर्षी चीननं उचलून नेलेला आणि अजून न दिसलेला पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचा धर्मगुरू. शेवटी शेवटी कॅम्पातल्या रस्त्याचे खड्डे, आणि सतरावी मागणी डीपीची (विजेच्या ट्रान्सफॉर्मरची), कारण तेव्हा डीपी जळून महिना झाला होता आणि मोटारी बंद होत्या. साहेब दीड तास उशिरा आले. सगळ्यांनी रांगेत त्यांच्या गळ्यात खटा घातले, ते पांढरे रेशमी पट्टे असतात ना, ते. फोटो झाला. साहेबांनी पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं, आणि विचारलं, “मोमो मिळतात का हो तुमच्याकडे?” हशा झाला. मग म्हणाले, “डीपीचं बघतो.” चार मिनिटांत आम्ही बाहेर.

गंमत अशी की बारा दिवसांत डीपी खरंच बदलली. बाकीच्या सोळा मागण्यांचं काय झालं, देव जाणे.

आणखी एक कबुली. इतकी वर्षं शेजारी राहून माझा समज होता की हे लोक वेगळा देश मागतात. आता कागद वाचले तेव्हा कळलं की दलाई लामा आणि त्यांचं धरमशाळेचं निर्वासित तिबेटी प्रशासन ज्याला मधला मार्ग म्हणतात, त्यात मागणी चीनच्या चौकटीत राहून खऱ्या स्वायत्ततेची आहे, आणि ती बोलणी करून. २००२ ते २०१० या काळात चीनशी चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्यासुद्धा. मग थांबल्या. म्हणजे मुद्दा इतकाच उरतो की चर्चेला पुन्हा बसा. आणि हे मी नऊ पानांत एकदाही नीट लिहिलं नव्हतं!

आता कॅम्पातली अकरा मुलं-मुली तयार आहेत, १९ ते २७ वयाची. मराठी सगळ्यांना येतं. आमदाराला भेटवू की खासदाराला? काय मागायला लावू? बोलायची तालीम कशी घेऊ? कोणी हे केलं असेल तर सांगा. राजकीय भांडण नको, तेवढी विनंती.

माजी पीए, भंडारा

सतरा वर्षं एका खासदारांकडे स्वीय सहायक होतो. पक्ष विचारू नका, त्यांनीच दोनदा बदलला.

झेरॉक्सभाऊ, डीपी बदलली ना? मग तुमची पोरं नापास झालेली नाहीत. साहेबांना डीपी समजली. कोणाला फोन लावायचा ते माहीत होतं, लावला, झालं. तिबेटसाठी कोणाला फोन लावायचा, काय सांगायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तुमच्या नऊ पानांत तेही लिहिलेलं नसणार. पैज लावतो.

आमदारांना तुमच्या लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, बोलवा, मान द्या, पण परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चे आपल्याकडे सगळेच काढतात. तिथे तिबेटवर कोणी उत्तर देऊ शकत नाही. खासदार गाठा. आणि फक्त आपलाच नको. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आहेत तसे राज्यसभेत १९ आहेत, त्यांना लोक विसरतातच. त्यांच्या दारात सकाळी डीपीवाल्यांची रांग नसते. ऐकून घेतात.

आता खासदार करू काय शकतो ते पोरांना आधी शिकवा, भाषण नंतर. लोकसभेत एका दिवसाला तोंडी उत्तराचे २० तारांकित आणि लेखी उत्तराचे २३० अतारांकित प्रश्न लागतात. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि नंबर चिठ्ठीवर लागतो. तारांकितच्या मागे लागू नका. अतारांकित मागा. त्यात साहेबांना उभं राहावं लागत नाही, बोलावं लागत नाही, पक्षाला विचारत बसावं लागत नाही, आणि मंत्रालयाचं उत्तर कायमचं छापलं जातं. प्रश्न तुम्हीच तयार करून न्या. आमच्या ऑफिसात जो तयार मसुदा घेऊन यायचा त्याचं काम आधी व्हायचं, कारण नाहीतर तो मसुदा रात्री अकरा वाजता मलाच करावा लागायचा.

असा काहीतरी: ‘परराष्ट्र व्यवहार मंत्री हे सांगण्याची कृपा करतील काय, (अ) तिबेटात यारलुंग त्सांगपो नदीवर चीन बांधत असलेल्या धरणाबाबत शासनाने चीनकडे काय म्हणणे मांडले आहे, (ब) नदीच्या पाण्याची माहिती भारताला मिळत आहे काय.’ ही नदी खाली आपल्याकडे ब्रह्मपुत्रा होते. त्या धरणाला चीननं डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि जुलै २०२५ मध्ये काम सुरू केलं. यात तिबेट आहे, भारताचं हित आहे आणि साहेबांना घाम फुटेल असं काही नाही. पुढच्या भेटीत नियम ३७७ खाली, म्हणजे खासदार लोकसभेत एखादा विषय मांडतो त्या नियमाखाली, वाचून दाखवायचा मजकूर न्या. त्याच्या पुढच्या भेटीत तिबेटसाठीच्या सर्वपक्षीय संसदीय मंचात सामील व्हायची विनंती करा. एका भेटीत एकच मागणं. सतरा मागण्या घेऊन गेलेल्या माणसाला साहेब सगळ्यात स्वस्त मागणी देतात, ते तुम्ही पाहिलंच आहे.

पोरांना हेही सांगून ठेवा की साहेब कचरतील. भारत सरकारनं २००३ मध्ये तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचं लिहून दिलेलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीत निर्वासित तिबेटी संसदेच्या जेवणाला आपले काही खासदार गेले, तर चिनी दूतावासानं त्यांना नाराजीचं पत्र धाडलं. म्हणून ‘तिबेट स्वतंत्र करा’ असं बोलाल तर दार बंद. ‘चर्चा सुरू व्हावी, सीमेवर शांतता राहावी’ म्हणाल तर खुर्ची मिळेल, चहाही मिळेल.

आणि मताचं काय? साहेब आत येणाऱ्याला बघतात तेव्हा पहिलं गणित तेच असतं, मी खोटं कशाला सांगू. तुमचा दोस्त तुमच्या वर्गातला, म्हणजे भारतात जन्मला आणि १ जुलै १९८७ च्या आधीचा असणार. २६ जानेवारी १९५० पासून त्या तारखेच्या आधीपर्यंत इथे जन्मलेला माणूस जन्मानंच भारतीय नागरिक. २०१४ साली निवडणूक आयोगानंही अशा तिबेटींची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं होतं. काहींना नाव घालायचं नसतं, आपली निर्वासिताची ओळख जाईल अशी धास्ती असते. तो त्यांचा निर्णय. पण ज्यांचं नाव यादीत आहे असा एक तरी माणूस सोबत न्या. आणि तुम्ही स्वतः जा. तुमचं मत आहे ना? तिबेट्यांसाठी गोठणगावचा माणूस आलाय, हे साहेबांना जास्त लागेल.

शेवटी बाबासाहेबांचं सांगतो, कारण ते आपल्या भंडाऱ्याचं आहे. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत त्यांनी चीनसोबतच्या पंचशील करारावर आणि सरकारच्या तिबेट धोरणावर कडक टीका केली. आपल्या भागातल्या कुठल्याही साहेबासमोर ही गोष्ट काढा, फाइल बाजूला ठेवून ऐकतील.

आणि हो, आवक शिक्का. प्रत दाखवून आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही. फोटो राहिला तरी चालेल.

वर्धेची, सध्या मिनेसोटा

झेरॉक्सदादा, तुमच्या दोस्ताचा चुलतभाऊ खरं सांगत होता. आमच्या मिनियापोलिसच्या आसपास तिबेटी लोकांची मोठी वस्ती आहे. माझ्या शेजारच्या आमाला (‘आमाला’ म्हणजे त्यांच्यात आदरानं आई) एका वर्षी पाय दुखतो म्हणून एकट्या जायला तयार नव्हत्या, तर त्यांच्या सोबतीला मी वॉशिंग्टनला गेले होते. सोबत म्हणून गेले आणि शिकवणीलाही बसले.

आदल्या दिवशी एका हॉलमध्ये सगळ्यांना राज्याप्रमाणे बसवलं. कारण इथे हाच हिशोब आहे: हाउसमध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत, ४३५ सदस्य, एकेकाच्या मतदारसंघात साधारण साडेसात लाख लोक, आणि प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर. मिनेसोटाच्या माणसानं टेक्ससच्या सदस्याकडे जाऊन उपयोग नाही. मग जोड्या लावून तालीम. एक जण सदस्याचा मदतनीस व्हायचा, बाकीचे त्याला पटवायचे. मदतनीस झालेल्याला सूचना होती की मध्येच फोन बघायचा, जांभई द्यायची, ‘हे तिबेट म्हणजे नेपाळमध्ये ना?’ असं विचारायचं. आमाला इतक्या चिडल्या की तिबेटीतून ओरडल्या. शिकवणारी मुलगी शांतपणे म्हणाली, आता हेच चिडणं वीस सेकंदांत इंग्रजीतून सांगा.

दुसऱ्या दिवशी खरा मदतनीस चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा होता. खोली नव्हती म्हणून कॉरिडॉरमध्येच उभ्यानं भेटला. पंधरा मिनिटं म्हणाले होते, अकरा मिळाली. ज्यांनी तालीम केली होती त्यांना पुरली. मोठा सदस्य भेटला नाही म्हणून आमाला हिरमुसल्या, पण पीएकाका म्हणतात तेच इथेही खरं आहे: कागद तो पोरगाच वाचतो, आणि साहेबाच्या कानाला तोच लागतो.

मागणं एकच होतं, एका विधेयकाला सहप्रायोजक व्हा. विधेयकाचा क्रमांक पानावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी आभाराचा ईमेल, महिन्यानं पुन्हा विचारणा. तीन महिन्यांनी पुन्हा. मला वाटतं सगळी शिकवणी या तिसऱ्या ईमेलसाठीच असते, कारण तिथपर्यंत फार थोडे लोक टिकतात.

अशा भेटीगाठींतून इथे कायदे झाले. २००२ चा तिबेट धोरण कायदा, २०२० चा त्याला जोडलेला कायदा, आणि तिबेट-चीन वाद पूर्वअटींशिवाय चर्चेनं सोडवावा असं सांगणारा कायदा, ज्यावर १२ जुलै २०२४ ला बायडन यांची सही झाली. कायदा झाला म्हणून चीन चर्चेला येऊन बसला नाही, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर दुसऱ्या वर्षी कोणी येणार नाही.

दलाई लामांनी तिबेट हा शांततेचा प्रदेश व्हावा ही पाच कलमी योजना पहिल्यांदा मांडली ती इथेच, सप्टेंबर १९८७ मध्ये, अमेरिकी काँग्रेसमधल्या मानवी हक्कांच्या गटापुढे. कलमं पाचच. तुमच्या सतरांवर हसत नाही हो दादा, पण बघा.

टेलचा धानवाला, लाखांदूर

सगळं वाचलं. राग नको, पण आमच्या धानाच्या बोनससाठी खासदार तोंड उघडत नाही, तो तिबेटसाठी उघडणार? आधी शेतकऱ्याच्या पोरायले बोलायले शिकवा जी. आपल्या घरात अंधार आन् शेजारच्याच्या अंगणात दिवा. हिमालयाच्या पलीकडचं भांडण, त्याचा लाखांदूरशी काय संबंध?

गोठणगावचा झेरॉक्सवाला

धानवाले भाऊ, राग कशाचा. बोनसचं निवेदनही मीच लिहितो, आणि तेही तितकंच भिकार असतं, ते आता कळून राहिलंय.

पण संबंध विचारला म्हणून सांगतो. तुम्ही टेलवर, कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहात. इटियाडोहचं पाणी आमच्याकडून तुमच्याकडे येतं. वरच्या अंगाला कोणी रात्री गेट फिरवलं की तुमचा धान पिवळा पडतो, आणि तुम्ही शाखा अभियंत्याला फोन करून करून दमता. निदान फोन करायला शाखा अभियंता तरी आहे! ब्रह्मपुत्रेच्या टेलवर आसामातला धानवाला बसलाय, त्यानं कोणाला फोन करायचा? आणि जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले, आता चीनला लागून असलेली आपली बरीचशी सीमा १९५० च्या आधी तिबेटला लागून होती. हे मला कॅम्पातल्या म्हाताऱ्यांनी वीस वेळा सांगितलं असेल, मी चहा पीत मान हलवायचो.

टेलचा धानवाला, लाखांदूर

गेटचं बराबर बोलले. बोनसचा कागद पण एका पानाचा करा मग. एकच मागणी. मी येतो तुमच्या दुकानात, चुरणा (मळणी) झाल्यावर.

कॅम्पातली

मी त्या अकरांमधली एक. सर (आम्ही त्यांना झेरॉक्स सरच म्हणतो) म्हणाले की इथे लिही.

पहिल्या तालमीत सरांनी मला सांगितलं, आजीपासून सुरुवात कर, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. माझी आजी १९५९ नंतर चालत आली, हिमाचलात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मग इथे. सगळं खरं आहे. पण मला ती गोष्ट साहेबांसमोर सांगायची नाही. आजी स्वतः ती कधी सांगत नाही. लहानपणापासून प्रत्येक पाहुण्यासमोर आम्हाला छुबा, आमचा तिबेटी पोशाख, घालून उभं केलं आहे, नाचवलं आहे, आणि पाहुणे हळहळून, मोमो खाऊन गेले आहेत. हळहळ आमच्याकडे पुष्कळ जमा आहे.

मला हे सांगायचं आहे. माझ्या आईची बहीण तिबेटात आहे. आई तिच्याशी वीचॅटवर बोलायची. २०२० च्या जूनमध्ये भारतानं चिनी ॲपं बंद केली, त्यात वीचॅट गेलं. बंदी का घातली ते मला समजतं, गलवान नुकतंच झालं होतं. पण त्यानंतर आईचं आणि मावशीचं बोलणं जवळजवळ तुटलं. आधीही त्या काय बोलायच्या? ‘पाऊस झाला का?’ ‘झाला.’ ‘याक बरे आहेत?’ ‘बरे आहेत.’ कोणी ऐकत असेल म्हणून दोघी फक्त हवामान बोलायच्या. मला वाटायचं मोठ्या बायकांना बोलायला दुसरं काही नसतं. मावशीला मधुमेह आहे हे आम्हाला कळलं ते स्वित्झर्लंडमधल्या एका नातेवाइकाकडून, दीड वर्षानं.

हे मी नव्वद सेकंदांत सांगू शकते, मोजून बघितलं आहे. आमच्या लोकांसाठी धरमशाळेच्या पुढाकारानं तिबेटची बाजू मांडणारे स्वयंसेवक गट तयार केले आहेत, व्ही-टॅग म्हणतात. त्यांचे कागद इंग्रजीत आहेत. इथल्या साहेबांशी आम्हाला मराठीत बोलायचं आहे, आणि मराठीतून हे कसं मागायचं याचा नमुना कुठे सापडला नाही.

पीए काकांना एक प्रश्न. आमच्यातल्या बहुतेकांकडे विदेशी नागरिकाचं नोंदणी प्रमाणपत्र आहे, ते आरसी. आम्ही खासदारांकडे गेलो तर उद्या कोणी विचारेल, तुम्ही पाहुणे असून राजकारण करता? मग काय म्हणायचं?

माजी पीए, भंडारा

बेटा, तू लिहिलंस तेच एका कागदावर काढ. त्यातलं एक अक्षर बदलू नको.

आरसीचं म्हणशील तर घोषणा, पुतळे, रस्ता अडवणं यापासून लांब राहा. वेळ ठरवून, चार-पाच जण, कागद घेऊन गेलात तर ती भेट झाली, मोर्चा नाही. सेटलमेंट ऑफिसला सांगून जा, पोलीस ठाण्यात आधी कळवून ठेवा. कोणी पाहुणे म्हणालंच तर तुझा झेरॉक्स सर उत्तर देईल, त्यासाठीच त्याला न्यायचं. त्यानं म्हणायचं, साहेब, हे आमच्या गावचे आहेत.

गोठणगावचा झेरॉक्सवाला

उशिरा लिहितोय, माफ करा. दोन रविवार तालीम घेतली, तेवढं कळवतो.

पहिल्या रविवारी कॅम्पाच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि मी साहेब झालो. वर्धेच्या ताईंनी सांगितलं तसा मध्येच फोन घेतला, “हां बोला, डीपीचं झालं का” वगैरे. पोरं हसायला लागली, तालमीचा बट्ट्याबोळ. एका पोरानं तर सवयीनं माझ्या गळ्यात खटा घातला.

दुसऱ्या रविवारी मी दोस्ताच्या आईला साहेब केलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांना मराठी अर्धंमुर्धं समजतं, म्हणून पोरांना सोपं बोलावं लागलं. कुणी ‘मानवाधिकारांचे उल्लंघन’ म्हणालं की म्हातारी हात वर करून थांबवायची, “म्हंजे काय?” तिसऱ्या वेळेस पोरगा म्हणाला, “घरी फोन लावता येत नाही, आमाला.” तिनं मान हलवली आणि हातातली माळ पुढे सरकवली. तेव्हापासून आमचा नियम झालाय की जे तिला समजेल तेच कागदावर जाईल. ‘उपरोक्त’ गेलं. ‘सविनय’ मी भांडून ठेवलं.

कागद एका पानाचा झाला. वर अतारांकित प्रश्नाचा मसुदा, अ आणि ब. खाली त्या मुलीचे नव्वद सेकंद, तिच्याच शब्दांत. शेवटी चर्चा पुन्हा सुरू व्हावी हे एक वाक्य. मागे इतिहास जोडावा असं कॅम्पातल्या दोन ज्येष्ठांचं म्हणणं होतं. त्यावरून दोन तास वाद झाला आणि त्यांचं वाईट वाटणं मला समजलं. १९५९ कागदावर नसेल तर आम्ही आलो कशाला, असं ते म्हणत होते. शेवटी ठरलं की इतिहास तेच तोंडी सांगतील, साहेबांनी विचारला तर.

दोस्तानं मतदार यादीचा फॉर्म ६ माझ्याकडेच भरला. शाळेचा दाखला, जन्माचा दाखला लावला. १९७९ चा जन्म, ठिकाण गोठणगाव. फी घेत नव्हतो, जबरदस्तीनं वीस रुपये ठेवून गेला.

वेळ मिळाली आहे येत्या शनिवारची, सकाळी सात. पीए काकांनी सांगितलं होतं की दहानंतर जत्रा असते, म्हणून सातची मागितली. साहेब नाहीत, त्यांचे पीए भेटणार आहेत. पाच जण जातोय, पैकी दोन मतदार. आत्ता दहा प्रती काढत होतो, सहा निघाल्या आणि लाइन गेली.

डीपी नवीच आहे हो, फिडरवरून गेली म्हणतात. उरलेल्या चार सकाळी काढतो.